खाली जाणारी रेघ

मी भित्री आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी ते कधी नाकारलेलंही नाही. पाल, साप, अंधार यांचं मला काही वाटत नाही. मला भीती वाटते ती रिकाम्या जागेची. आम्ही धनगर. दुबलगुंडीच्या शिवारात आमचं घर आणि घरामागं मेंढरांचं वाडगं, म्हणजे बाभळीच्या फांद्यांचं गोल कुंपण. दिवाळी झाली की अप्पा आणि माझे चुलते कळप घेऊन आंध्राच्या बाजूला चराईला निघायचे. सकाळी उठून मागच्या दारी जावं तर वाडगं ओस. लेंड्यांचा वास तेवढा उरलेला. मी रडत आईकडे पळायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "येतेत की, पावसाला येतेत." आणि दरवर्षी ते यायचेही. पण पुढच्या दिवाळीला मी पुन्हा तितकीच भ्यायची. एखादी गोष्ट ठाऊक असली म्हणून भीती जात नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

पुढे मेंढरं विकली, अप्पा शेतीला लागले आणि मी शिकले. आमच्या भावकीत हातात खडू धरणारी मी पहिली. कर्नाटकात, हुमनाबादच्या एका खासगी मराठी शाळेत मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. वर्गाच्या खिडकीतून पुणे-हैदराबाद हायवे दिसायचा. लॉरी गेली की फळ्यावरचा डस्टर हलायचा. इंडस्ट्रियल एरियाकडून वारा आला की पोरं नाकाला रुमाल लावायची आणि मी रसायनशास्त्राचा धडा तिथूनच सुरू करायची. शिकवणं मला मनापासून आवडायचं. पण नोकरी कच्ची होती. दर जूनला नव्यानं ठेवून घ्यायचे, आणि मला दर मार्चपासून झोप लागायची नाही.

नवरा हैदराबादेत एका कारखान्यात वेल्डिंगला होता. त्याच्या खोलीवर मी एकदा जाऊन आले होते. खोलीला खिडकी नव्हती. दारासमोर दुसऱ्याचं दार, आणि त्या दारातली बाई मला विचारत होती, तू काय करतेस. मी शिकवते म्हणाले तर ती म्हणाली, इथं काय करशील? तेव्हापासून नवऱ्याचा फोन आला की मी आधीच दचकायची, कारण त्याचं एकच असायचं. "पक्की करीत न्हाईत तर कामून बसलीस तिथं? ये लेकीला घेऊन." तो वाईट माणूस नाही. त्यालाही एकटं वाटत असेल. पण मला ठाऊक होतं, मी त्या खोलीत गेले की परत खडू हातात येणार नाही. मला दुसरं काही नको होतं. नोकरी पक्की हवी होती, आणि ती यंदा होणार की नाही हे उन्हाळ्याच्या आत ठरणार होतं.

अशा वेळी एक आजोबा शाळेच्या ऑफिसात आले. त्यांच्या घरातली पोरं पिढ्यान् पिढ्या आमच्या शाळेत. आजोबा उभ्या उभ्याच म्हणाले, "आमचा नातू म्हणायलाय, अज्जा, तू माकडाचा हाईस. हे कोण शिकवायलंय?"

हे मीच शिकवत होते. उत्क्रांतीचा धडा दहावीच्या पुस्तकातच होता, आणि माकडाचं मी तसं म्हणालेही नव्हते. पण आजोबांच्या तोंडावर ते सांगायला जीभ वळली नाही. शाळेचे सेक्रेटरी खुर्चीत चुळबुळ करत होते. ते तुरीचे व्यापारी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पोरं इंग्लिश मिडियमला चालली होती आणि आहेत ती जाऊ नयेत याची अण्णांना माझ्याइतकीच धास्ती होती. ते एवढंच म्हणाले, "बघू, अज्जा. बघू."

'बघू' हा शब्द मला कधीच सहन झालेला नाही. नाही म्हटलेलं परवडतं.

अण्णांनी बघितलं ते असं, की त्यांनी इंजिनिअर साहेबांना बोलावलं. साहेब आमच्याच भागातले. आयुष्यभर पूल बांधले, निवृत्त झाल्यावर काही काळ अमेरिकेत मुलाकडे राहिले आणि मग परत येऊन त्यांनी बिदर रोडला घर बांधलं. अतिशय सभ्य माणूस. शिपायालासुद्धा अहो-जाहो करायचे. त्यांनी मला स्टाफरूममध्ये बसवून शांतपणे समजावलं. डोळा बघा, म्हणाले, पाखराचा पंख बघा. पूल दिसला की इंजिनिअर असतोच ना? मग एवढी गुंतागुंतीची रचना रचनाकाराशिवाय कशी होईल? हे देवळातलं नाही, तिकडे मोठमोठे लोक हे विज्ञान म्हणून मांडतात, 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणतात त्याला. मी म्हणाले, साहेब, पुलाला पिल्लं होत नाहीत. ते हसले. मग त्यांनी लॅपटॉप उघडला.

तिथं मी ती रेघ पहिल्यांदा पाहिली. नेटवर एक पान होतं. एखादा शब्द टाकला की तो शब्द लोकांनी सर्चमध्ये किती शोधला, याची वर्षानुवर्षांची रेघ ते पान काढून दाखवायचं. साहेबांनी इंग्रजीत 'इव्होल्यूशन' टाकलं. निळी रेघ डावीकडे उंचावर सुरू झाली आणि करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होत होत उजवीकडे उतरत गेली.

"जग हा विचार सोडून चाललंय, बाई," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. मला त्यांची कीव येण्याऐवजी त्यांना माझी येत होती, आणि त्यानं मी जास्त घाबरले. रागावलेल्या माणसाशी निदान भांडता येतं.

अण्णांनी ठरवलं की गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी पालकांची सभा घ्यायची. "दोघंबी बोला. लोकं ऐकतेल. मग बघू." म्हणजे माझी नोकरी त्या रेघेला टांगली गेली.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले. मनात वेडी आशा, की साहेबांच्या लॅपटॉपातच काही बिघाड असेल. तसं काही नव्हतं. तीच रेघ, तोच उतार. मी खुर्चीत बसून त्या रेघेच्या टोकाकडे बघत राहिले. मला तिच्यात जग दिसेना. मला ती बिनखिडकीची खोली दिसत होती. साहेबांना हवं ते साहेबांना दिसलं होतं आणि मला नको ते मला दिसत होतं, हे आज कळतं.

उठायच्या आधी मी सहज दुसरा शब्द टाकला. फोटोसिंथेसिस, म्हणजे झाडाचं पान उन्हात अन्न करतं तो धडा. रेघ आली. तसेच दाते, तसाच उतार. मग त्रिकोणमिती टाकली, मग आम्ल आणि अल्कली. सगळ्या खाली चाललेल्या. मला आधी वाटलं, अरे देवा, जगानं आमचं सगळं पुस्तकच सोडलं. भ्यालेल्या माणसाची अक्कल ही अशी चालते.

कॅफेवाला ओळखीचा होता. तो म्हणाला, "बाई, मी दुकान काढलो तवा अभ्यासाचेच लोकं येत होते. आता बघा की." मी वळून बघितलं. एक जण रेल्वेचं तिकीट काढत होता, दोघं गाणी उतरवून घेत होते, एक जण क्रिकेटचा स्कोअर बघत होता. अभ्यासाचं कोण? मी एकटी. मी विचारलं, अभ्यासवाले यायचे बंद झाले का? तो म्हणाला, "न्हाई. तेवढेच हायत. बाकीचे वाढलेत."

हे डोक्यात शिरायला मला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, की ही रेघ शोधणाऱ्यांची मोजदाद दाखवत नाही. एकूण शोधांमधला त्या शब्दाचा वाटा दाखवते. नेटवर तिकीटवाले आणि गाणीवाले वाढले की धड्यांचा वाटा आपोआप कमी होणार. धडा शोधणारे तितकेच असले, अगदी थोडे वाढले, तरीही.

उतार कळला. दाते कळेनात. दरवर्षी जून संपला की रेघ खड्ड्यात पडायची आणि पुढे पुन्हा वर यायची. पावसाळ्यात कोणाचा विज्ञानावरचा विश्वास उडतो? भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मी तेच घोळवत होते. लेक म्हणाली, आई, तू एकटीच बोलायलीस. आणि मग मला मागच्या पावसाळ्यातली गंमत आठवली. साहेब आपल्या अमेरिकेतल्या नातवंडांना शाळा दाखवायला घेऊन आले होते. पोरांनी वर्गात इंग्रजी बोलून दाखवलं, आणि आम्ही बायका स्टाफरूममध्ये हसलो होतो, भर पावसाळ्यात कसली सुट्टी म्हणून. तिकडच्या शाळांना तेव्हाच सुट्टी असते. त्या रेघेत सगळं जग आहे, आणि जगात इंग्रजीतून शोधणारे जास्त तिकडचे. शाळा बंद झाली की धडा कोण शोधणार? वाडगं ओस पडलं होतं, एवढंच. मेंढरं मेली नव्हती.

भीती गेली असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. ती वाढली. आधी मला उत्तर ठाऊक नव्हतं, तेव्हा हरणं सोपं होतं. आता मला सगळ्या पालकांसमोर उभं राहून त्या सभ्य माणसाला तुमचं चुकलं म्हणायचं होतं, तेही मी, कच्च्या नोकरीची, धनगराची लेक.

सभेच्या आदल्या रविवारी मी गावी गेले. अप्पांना सगळं सांगितलं. रेघ हा प्रकार त्यांना कळेल असं वाटलं नव्हतं, पण ते लगेच म्हणाले, "म्हंजी भाकणूकच म्हण की."

भाकणूक आमच्याकडे जत्रेला होते. कन्नडवाले तिला कारणिक म्हणतात. पुजाऱ्याच्या अंगात देव आला की तो एकच वाक्य बोलतो, की पुढचं वर्ष कसं जाणार. सगळं रान गप्प होतं. वाक्य पडलं की पडलं. त्या दिवशी देवाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ही रीत. वाक्य सरळ कधीच नसतं. 'आभाळ कुंपणावर बसलं' असलं काहीतरी. मग त्याचा अर्थ जाणता माणूस सांगतो, आणि आमच्या गावात तो अर्थ वर्षानुवर्षं अप्पा सांगत आले.

मी विचारलं, "अप्पा, तुम्हाला अर्थ कसा कळायचा?"

अप्पा तंबाखू मळू लागले. मग म्हणाले, "कुठलं कळायलंय बाय. इचारणाऱ्याचं तोंड बघायचं. लई भेलेला असला की म्हणायचं, पाऊस पडंल. त्याला घरी तर जाऊ दे."

मला हसू आलं नाही. ज्या माणसाच्या शब्दावर गाव पेरणी करायचं, तो माझा बाप असा होता, हे ऐकून मी आणखीच भ्याले. पण राग आला नाही, हेही खरं.

सभेच्या दिवशी पत्र्याच्या हॉलमध्ये फळ्यावर पांढरी चादर लावली होती. खिडक्यांना पोत्यांचे पडदे. पालक आले, ते आजोबा पहिल्या रांगेत बसले आणि सगळ्यात मागं, दाराशी, मी नको म्हटलेलं असताना अप्पा येऊन बसले. साहेब आधी बोलले. डोळा, पंख, पूल, सगळं फार सुंदर सांगितलं. मीसुद्धा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी प्रोजेक्टरवरून ती रेघ चादरीवर उमटवली.

"ही रेघ मी काढलेली नाही," ते म्हणाले. "ही सगळ्या जगानं मिळून काढली आहे. बघा, ती कुठे चालली आहे."

हॉल गप्प झाला. कोणी टाळी वाजवली नाही. टाळ्या पडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, कारण टाळ्या भाषणाला मिळतात. ही शांतता मी ओळखत होते. ती जत्रेतली होती. दोन-तीन म्हाताऱ्यांनी हात जोडले होते. पहिल्या रांगेतले आजोबा म्हणाले, "झालं. वाक्य पडलं."

अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी उठले. मी टेबलाला धरून उभी राहिले. पाठ करून आणलेलं पहिलं वाक्यच सापडेना. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच, "साहेब, अजून एक शब्द टाकता का?"

मागून कुजबुज झाली. एक बाई स्पष्ट म्हणाली, "दुसऱ्यांदा कामून विचारायली ही?" मी अप्पांकडे बघितलं. ते खाली जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता बसावं. बसले असते तर निदान रीत मोडल्याचं तरी डोक्यावर आलं नसतं. पण साहेबांचं बोट तोवर कीबोर्डवर गेलं होतं. "कोणता शब्द, बाई?"

मी सांगितला. चादरीवर दुसरी रेघ आली. तसेच दाते, तसाच उतार.

"ही झाडाच्या पानाची," मी म्हणाले. "पान उन्हात अन्न करतंय, त्या धड्याची. ही बी खाली चाललीय. मग जगाचा पानावरचा विश्वास उडालाय का? झाडं आता जेवायची थांबलीत का?"

एक-दोघं हसले. मी सायबर कॅफेचं सांगितलं, अभ्यासवाले तेवढेच आणि बाकीचे वाढले ते. ते पालकांना लगेच पटलं, कारण त्यांचीच पोरं तिथं गाणी उतरवायला जायची. मग मी खड्ड्यांवर बोट ठेवलं.

"साहेब, तुमची नातवंडं इकडं कधी येतेत?"

"जुलैत."

"तवाच कामून?"

"शाळेला सुट्ट्या..." म्हणता म्हणता साहेब थांबले. चादरीकडे वळून त्यांनी ते खड्डे एकेक करून पाहिले. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. मग ते सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाईंचं बरोबर आहे. रचनेबद्दलचं माझं मत तेच आहे, पण ही रेघ मी मागे घेतो." आणि ते शांतपणे खुर्चीत बसले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा फार थोड्या माणसांबद्दल वाटलाय.

इथं सभा संपती तर किती बरं झालं असतं. पण आजोबा उठले. "मग खरं काय? देवानं केलंय का आपोआप झालंय? रेघ काय म्हणायलीय?"

"मला विचाराल तर मी पुस्तकातलं सांगीन, अज्जा. त्याला पुरावे हायत, मी दाखवते. पण ह्या रेघेला त्यातलं काही ठाऊक न्हाई. लोकांनी काय शोधलं तेवढंच तिला कळतंय. शोधणारा ते मानतोय, का पेपरासाठी शोधायलाय, का भांडायसाठी, ते तिला कळत न्हाई."

"मग कशाला बोलावलं आम्हाला?" आजोबा म्हणाले, आणि त्यांनी काठी उचलली.

ते रागावले नव्हते. त्यांची निराशा झाली होती, आणि सगळ्या हॉलची झाली होती. ते कौल घ्यायला आले होते. साहेबांनी एक दिला होता, तो मी काढून घेतला आणि बदल्यात हातावर काहीच ठेवलं नाही. माणसं चपला शोधत बाहेर पडू लागली. मी वाद जिंकला आणि नोकरी घालवली, असं मला त्या वेळी स्वच्छ दिसलं. हॉल रिकामा होताना मी भिंतीला टेकून उभी होते. मला लहानपणचं ते ओस वाडगं आठवत होतं.

अण्णांनी ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, म्हणून मी उभीच. त्यांनी चहा मागवला, बशीत ओतला, फुंकला. मला हैदराबादची ती खोली, तिथला वास, समोरचं दार, सगळं दिसून गेलं.

"बाई," ते म्हणाले, "एक सांगा. शाळा चालू असली की ती रेघ वर, शाळा बंद की खाली. व्हय ना?"

"व्हय."

"म्हंजी जगातल्या सगळ्या शाळांत ह्योच धडा चालायलाय. पोरं लई शोधायलेत. म्हंजी ह्याच्यावरच मार्कं जास्त असणार." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी इंग्लिश मिडियम काढायलोय जूनला. तिथं हा धडा शिकवणारं माणूस हातचं कसं सोडू? तुमची ऑर्डर काढतो. पक्की."

मला कळेचना की काय झालं. मग कळलं, आणि मी आनंदानं रडायचं सोडून म्हणाले, "अण्णा, त्यातनं मार्कं कळत न्हाईत. पेपरात काय येतंय त्याचा आन त्या रेघेचा काही संबंध न्हाई."

अण्णांनी बशी पुन्हा उचलली. "तुम्हाला नोकरी पायजे का नको?"

"पायजे."

"मग गप बसा की."

मी गप बसले. बाहेर कडुनिंबाखाली अप्पा थांबले होते. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यानं अर्थ चुकीचा लावला म्हण."

"व्हय. मी सांगितले त्याला."

"सांगितलीस?" अप्पा चकित झाले. बसमध्ये चढताना माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. एरवी ते कधी घेत नसत.

नोकरी पक्की झाली. आता भीतीचं कारण उरलं नव्हतं. पण त्यानंतर जूनमागून जून येत गेले तसं माझ्या लक्षात येऊ लागलं, की ऑर्डर पक्की आहे, शाळा पक्की नाही. हुमनाबादेतली, आसपासच्या गावांतली घरं कुलपं लावून हैदराबादला, पुण्याला चालली होती. अण्णांचं इंग्लिश मिडियमही भरेना. सुट्टी संपली तरी काही बाक रिकामेच राहायचे, आणि ती पोरं सुट्टीवर नव्हती. त्या आजोबांचा नातू सभेच्याच वर्षी दहावी झाला होता, आता त्याच्या मागची भावंडंही बापाबरोबर पुण्याला गेली. आजोबा एकटेच मागं राहिले. सगळे उतार सुट्टीचे नसतात, हे मी त्या सभेत सांगितलं नव्हतं. तेव्हा मला कोणी विचारलंही नव्हतं.

एका मे महिन्यात मी मस्टरवर सही करायला गेले होते. वर्गांना कुलपं. ऑफिसात अण्णा एकटे. आता शाळेतच कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या पडद्यावर त्यांनी तेच पान उघडलं होतं. त्या सभेपासून त्यांना ती सवयच लागली होती. त्यांनी आमच्या शाळेचं नाव टाकलं होतं. रेघ नव्हतीच. शोधणारे पुरेसे नाहीत, असं काहीतरी इंग्रजीत लिहून आलं होतं.

"बाई, तुम्हाला ह्यातलं कळतंय," ते म्हणाले. "ह्याचा अर्थ काय? जूनला पोरं येतेल का?"

मला अर्थ ठाऊक होता. त्यात अर्थच नव्हता. एवढ्या लहान शाळेची रेघ ते पान काढत नाही, इतकंच. पोरं येतील की नाही याबद्दल मी त्यांच्याइतकीच अंधारात होते, आणि तितकीच भ्यालेली. मी तेच सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णांनी वर बघितलं. बाजारात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, आणि त्याचे डोळे एखाद्या लेकरासारखे झाले होते.

"येतेत की अण्णा," मी म्हणाले. "पावसाला येतेत."